कलामहर्षी बाबूराव पेंटर : हातानं कॅमेरा घडवणारा माणूस

पेंटर हे बाबूरावांचं आडनाव नव्हतं. कागदोपत्री ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. पेंटर हे नाव लोकांनी दिलं आणि तेच कायमचं चिकटलं. आपल्याकडे हॉस्टेलमध्ये नाही का, कुणाला त्याच्या कामावरून नाव पडतं आणि मग चार वर्षं त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर राहतं! तसंच काहीसं. फरक एवढाच, की बाबूरावांना पडलेलं नाव भारतीय सिनेमाच्या इतिहासात गेलं.

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी कुणावर तरी चरित्रलेख लिही असं सरांनी सांगितलं, तेव्हा बहुतेकांनी विश्वेश्वरय्या आणि कलाम सर निवडले होते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मराठीत सलग चार पानं लिहायची म्हणजे मला अजूनही व्हायव्हाला बसल्यासारखं वाटतं. पण बाबूराव पेंटर हा माणूस मला सोडवेना. त्याचं कारण सिनेमा नाही. त्याचं कारण लेथ मशीन आहे, आणि ते पुढे सांगतोच.

बाबूरावांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे हरहुन्नरी कारागीर. सुतारकाम, लोहारकाम, चित्रं, मूर्ती, हस्तिदंतावरचं कोरीव काम, सगळ्यात त्यांचा हात चालायचा. अशा घरात मुलाला वेगळं वर्कशॉप प्रॅक्टिस लागत नाही. पटाशी कशी धरायची, लाकडाची शीर कुठून कुठे जाते, लोखंड किती तापलं की वाकतं, हे त्या घरात जेवणाखाण्याइतकं रोजचं असणार. बाबूरावांनी चित्रकलेच्या कुठल्याही कॉलेजात शिक्षण घेतलं नाही. चित्र काढायला आणि मूर्ती घडवायला ते स्वतःच शिकले. त्यांच्याबरोबर सतत असायचे त्यांचे चुलतभाऊ आनंदराव. तेही चित्रकार, आणि त्यांनाही लोक आनंदराव पेंटरच म्हणायचे.

तो काळ संगीत नाटकांचा. शाहू महाराजांचं कोल्हापूर म्हणजे कुस्ती, गाणं, चित्रं, नाटक यांचं गावच. नाटक कंपन्यांना राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ असे रंगवलेले मोठमोठे पडदे लागायचे. १९१० ते १९१६ या काळात हे दोघे भाऊ पडदे रंगवण्यात पश्चिम भारतात आघाडीवर होते. मराठी नाटक कंपन्यांसाठी त्यांनी पडदे केले आणि गुजराती, पारशी कंपन्यांसाठीही केले. सपाट कापडावर खोली दाखवायची, म्हणजे लांबचा खांब लहान आणि जवळचा मोठा. आपण फर्स्ट इयरला ईडीमध्ये पर्स्पेक्टिव्ह काढताना रडतो. हे दोघे तेच काम वीस-वीस फुटी कापडावर करत होते.

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला आणि हलत्या चित्रांनी या भावांना झपाटलं. आयुष्यभर स्थिर चित्र काढणाऱ्या माणसाला हलणारं चित्र दिसल्यावर काय वाटलं असेल याची कल्पना करा. दोघांनी आधी सिनेमे दाखवण्याचा धंदा सुरू केला. पण दुसऱ्यांचे सिनेमे दाखवून त्यांचं समाधान होईना. स्वतःचा सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे. फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. यांच्याकडे विलायतेला जाण्याइतका पैसा नव्हता. मग त्यांनी ठरवलं, की कॅमेरा आपणच बनवायचा.

इथे जरा थांबतो, कारण हे वाक्य वाचायला सोपं आहे आणि आपण इंजिनीअर होणारी माणसं आहोत.

मूकपटाचा कॅमेरा म्हणजे बाहेरून एक पेटी. त्या काळचे बरेच कॅमेरे लाकडी पेटीतलेच असायचे. आत ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म, दोन्ही कडांना भोकं. एका चित्राला प्रत्येक बाजूची चार भोकं. हँडल फिरवलं की फिल्म सरकते. पण ती सलग सरकून चालत नाही. एक चित्र भिंगासमोर यायला हवं, क्षणभर अगदी स्थिर थांबायला हवं, त्यावर प्रकाश पडायला हवा. मग शटरनं भिंग झाकायचं, आकड्यानं फिल्म बरोबर चार भोकं खाली ओढायची आणि पुन्हा थांबायचं. हे सगळं एका सेकंदात साधारण सोळा वेळा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. फिल्म पुढे ढकलणारं दातेरी चाक हँडलच्या एका फेऱ्याला एकदा फिरणार असेल, तर त्याला आठ चोक बत्तीस दाते हवेत, आणि सगळे सारख्या अंतरावर.

आता थोडा हिशोब करू. चित्राची उंची साधारण १८ मिलिमीटर. ते बारा फुटी पडद्यावर दाखवलं तर सुमारे दोनशे पट मोठं होतं. फिल्म थांबायच्या जागेत एक दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर पडद्यावर चित्र दोन सेंटिमीटर उडी मारतं. प्रत्येक चित्राला वेगळी उडी, सेकंदाला सोळा उड्या. प्रेक्षक दहा मिनिटांत डोकं धरून बाहेर येईल. म्हणजे दंडगोल अगदी गोल, दांडा अगदी मध्यावर आणि दाते अगदी मोजून पाहिजेत. असं काम लेथशिवाय होत नाही. ड्रॉइंग नाही, कॅटलॉग नाही, इंटरनेटचा तर प्रश्नच नाही. कॉलेजची पदवीही नाही.

आता माझ्या लेथबद्दल. आपल्या वर्कशॉपमध्ये कारपेंट्री सेक्शनच्या कोपऱ्यात एक जुना लाकडाचा लेथ आहे. बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल, पण चालताना फार थोड्यांनी. सिलॅबसमध्ये क्रॉस लॅप जॉइंट आणि डव्हटेल जॉइंट आहे, टर्निंग फक्त डेमोपुरतं. मी मात्र लाकूड कातायला शिकलो ते सुट्टीत, गावाकडे, कारंजा तालुक्यात, एका सुतारकाकांकडे. त्यांनी जुनी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, बेल्ट आणि दोन पुल्या जोडून स्वतःच लेथ बनवला आहे. लाकूड दोन टोकांत धरायचं, ते फिरायला लागलं की समोरच्या आडव्या पट्टीवर पटाशी टेकवून हळूहळू सोलत जायचं. चौकोनी ठोकळा आधी अष्टकोनी, मग गोल. मराठीत या कामाला कातणं म्हणतात आणि हे काम करणारे ते कातारी. कातीव खांब हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, त्याचा अर्थ मला हातात पटाशी आल्यावर कळला.

काकांनी शिकवलेल्या गोष्टी मोजक्या. आधी पटाशी पट्टीवर टेकव, मग लाकडाला लाव. सैल बाही नको, गळ्यात रुमाल नको, डोळ्यावर चष्मा पाहिजे. लाकूड जितकं जाड तितका फेरा कमी. याचं कारण आपल्याला माहीत आहे, कटिंग स्पीड म्हणजे पाय डी एन. शंभर मिलिमीटर व्यासाचा ठोकळा मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरला, तर त्याची कड मिनिटाला ३१४ मीटर पळते. काकांना हे सूत्र माहीत नाही. ते आवाजावरून सांगतात. पटाशी बरोबर लागली की लाकडाची लांब साल निघते आणि आवाज मऊ येतो. चुकीची लागली की लाकूड कुरकुरतं आणि भुसा उडतो.

मी आतापर्यंत आईसाठी लाटणं केलं, भाच्यासाठी भोवरा केला, आणि आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या बुद्धिबळाची हरवलेली तीन प्यादी कडुनिंबाच्या लाकडात केली. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, तीन प्यादी जरा पिवळसर आहेत. एवढीशी प्यादी, पण तिन्ही एकसारखी करायची म्हटली तर कॅलिपर घेऊन बसावं लागतं. एक करणं ही हौस, तीन सारखी करणं हे इंजिनीअरिंग! तेव्हापासून बत्तीस सारख्या दात्यांचं चाक माझ्या डोक्यातून जात नाही.

तर पुन्हा कोल्हापूरला. कॅमेऱ्याचं काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. भाऊ गेला, भागीदार गेला, आणि अर्धवट यंत्र टेबलावर. कोणत्याही माणसानं इथे हात टेकले असते. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी काम सोडलं नाही. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले त्यांच्या जोडीला होते. दामल्यांचा हात यंत्रात असा चालायचा की गुरूला साजेसा. या दोघांनी मिळून १९१८ पर्यंत चालणारा कॅमेरा तयार केला. तोही कोल्हापुरात!

कॅमेरा झाला, पण भांडवल नव्हतं. त्यांच्या पाठीशी उभी राहिली एक गायिका, तानीबाई कागलकर. त्यांच्या पैशाच्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. आपण स्टार्टअप, इन्व्हेस्टर हे शब्द फार वापरतो. शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं गाण्यावर कमावलेले पैसे घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर लावले, यापेक्षा मोठी जोखीम मला तरी माहीत नाही.

१९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम पुरुषानं केलं होतं, कारण त्या कामाला बाई मिळत नव्हती. 'सैरंध्री'त मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि पुढे त्या दृश्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

यानंतर बाबूरावांनी जे जे केलं त्यात मला सुताराच्या घरचा मुलगा सारखा दिसतो. त्यांनी आयुष्याची सुरुवात रंगवलेल्या पडद्यांनी केली होती, आणि सिनेमातून रंगवलेले पडदे हद्दपार करण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. पडद्यावरच्या खोट्या खांबाऐवजी त्यांनी खरा उभा सेट बांधला, ज्याच्या मागून माणूस जाऊ शकतो, ज्याची सावली पडते. शूटिंगच्या आधी ते पात्रांचे पोशाख, हालचाली, दृश्यं कागदावर रेखाटून ठेवायचे. १९२३ च्या 'सिंहगड' मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून चित्रण केलं, तेव्हा आपल्याकडे सूर्यावरच भिस्त होती. चित्रपटांची पोस्टर्स ते स्वतः रंगवायचे आणि १९२१-२२ च्या सुमाराला त्यांनी चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढल्या.

आणि मग १९२५ चा 'सावकारी पाश'. हा भाग लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

देवादिकांच्या आणि राजांच्या गोष्टी सोडून बाबूरावांनी इथे एक साधा शेतकरी घेतला. सावकाराच्या कागदात त्याची जमीन जाते आणि तो गाव सोडून शहरात गिरणीत कामाला जातो. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. त्या काळच्या प्रेक्षकांना चमत्कार हवे होते, त्यांना ही गोष्ट फार मानवली नाही. सिनेमा म्हणावा तसा चालला नाही आणि बाबूराव पुन्हा ऐतिहासिक-पौराणिक चित्रपटांकडे वळले. पण हा विषय त्यांनी सोडला नाही. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला. १९२५ चा मूळ मूकपट आज बघायला मिळत नाही.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २००६ साली शेतकरी आत्महत्यांसाठी केंद्र सरकारनं विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केलं, त्यात आपलं नाव होतं. आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलांच्या घरी सोयाबीन आणि तूर आहे. सीझन गेला की फीचा दुसरा हप्ता कसा भरायचा, याची चर्चा रात्री मेसनंतर होते आणि सकाळी कुणी तो विषय काढत नाही. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका कारागिरानं, ज्याच्याकडे पैसे कमावण्याचे सोपे विषय होते, त्यानं ही गोष्ट निवडली. आपल्याकडे काय चाललंय हे त्यानं बघितलं होतं. हातानं काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या हातानं काम करणाऱ्या माणसाचं दुःख लवकर कळतं, असं मला वाटतं.

बाबूरावांच्या कंपनीतून जी माणसं घडली तिची यादी एखाद्या विद्यापीठासारखी आहे. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम. कुणी झाडू मारला, कुणी पडदे रंगवले, कुणी कॅमेरा फिरवला. सगळ्यांनी सगळं केलं. पुढे कंपनीत मतभेद झाले आणि १ जून १९२९ ला या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीनं कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूला ते सोपं गेलं नसणार. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ची (१९३६) व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात वाखाणणी झाली. पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ती प्रभातचीच जागा.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि सगळं बदललं. आता चित्राइतकाच आवाज महत्त्वाचा झाला. ध्वनीची यंत्रं महाग, ती घरी घडवण्यासारखी नव्हती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांना बोलपटाची फारशी ओढ नव्हती. त्यांनी 'उषा' (१९३५), 'प्रतिभा' (१९३७) असे काही बोलपट केले, १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'त शांतारामांबरोबर काम केलं, १९५२ ला 'विश्वामित्र' काढला. पण त्यांचं मन रमलं ते पुन्हा चित्रांत आणि शिल्पांत. तंत्रज्ञान पुढे गेलं तेव्हा हा माणूस रिकामा झाला नाही, कारण त्याच्याकडे फक्त एक मशीन चालवण्याचं कौशल्य नव्हतं. माती होती, रंग होते, हात होते. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं. लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईच्या दर्शनानंतर तिकडेही जाऊन या.

आता काही जण विचारतील, सीएनसी आणि थ्रीडी प्रिंटरच्या जमान्यात लाटणं कातून काय मिळणार? प्लेसमेंटला हा प्रश्न कुणी विचारत नाही, हे खरं आहे. आणखी एक गोष्टही खरी आहे. माझ्यासाठी लाकूड कातणं ही हौस आहे, सुतारकाकांसाठी ते पोट आहे. पूर्वी त्यांच्याकडे तिफण, वखर, बैलगाडी यांचं काम असायचं. आता ट्रॅक्टर आला, तिफण गेली. काका दारं-चौकटी करतात आणि त्यांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. तो लेथला हात लावत नाही आणि त्याला मी दोष देणार नाही. आपल्या समाजानं हातानं काम करणाऱ्याला मिस्त्री म्हणून दारात उभं केलं आणि कागदावर आकृती काढणाऱ्याला साहेब म्हणून खुर्ची दिली. बाबूरावांचं आयुष्य वाचताना ही भिंत किती खोटी आहे ते कळतं. तिथे मिस्त्री, चित्रकार आणि इंजिनीअर ही तीन माणसं नव्हतीच, एकच होता.

कारंज्याच्या जुन्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीव काम आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी पाहिलं असेल. ते करणाऱ्यांची नावं आपल्याला कुणी सांगितली नाहीत. बाबूरावांचं नाव राहिलं, हे आपलं नशीब.

वर्कशॉपच्या त्या जुन्या लेथचा बेल्ट मागच्या सेमिस्टरला बदलला आहे आणि इन्स्ट्रक्टर सरांनी शनिवारी चार ते सहा तो चालू ठेवायला परवानगी दिली आहे. सरांची अट एकच, सुरक्षेचे नियम पाळायचे आणि भुसा आपला आपण झाडायचा. सध्या आम्ही चौघं आहोत. बाभळीचे दोन ओंडके सुकायला ठेवले आहेत, सागाचे तुकडे भंगारातून मिळतात. पहिलं काम ठरलं आहे : बुद्धिबळाचा पूर्ण डाव, बत्तीस सोंगट्या, आणि सोळा प्यादी कॅलिपरनं मोजून एकसारखी. ब्रँच कुठलीही चालेल. कॉम्प्युटरवाल्यांनी यायला हरकत नाही, फक्त बाह्या वर करून या.